पोटमाळ्यावरची पेटी कोण उघडतं?

आधी रेसिपी घ्या. लंडनमधली तिशीच्या आसपासची एक मुलगी. नोकरी ठीकठाक, बॉस वैताग, बॉयफ्रेंड नुकताच सटकलेला किंवा सटकण्याच्या बेतात. तिची आजी जाते आणि कुठल्याशा खेड्यातलं आजीचं कॉटेज हिच्या नावावर होतं. ही वीकएण्डला आवराआवर करायला पोचते. पोटमाळ्यावर पत्र्याची पेटी सापडते. पेटीत एक फोटो, एक सुकलेलं फूल आणि फितीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा. पत्रांवर तारीख १९४०ची आणि सही आजोबांची नाही, भलत्याच कुणाची तरी! झालं. पुढचं चॅप्टर १९४०मध्ये. त्याच्या पुढचं परत आज. मग १९४०, मग आज... असं करत करत साडेचारशे पानं.

एअरपोर्टच्या बुकस्टॉलवर ही पुस्तकं ओळखणं एकदम सोपं. कव्हरवर पाठमोरी बाई, अंगात जुन्या फॅशनचा कोट, हातात सूटकेस, समोर हिरवी टेकडी आणि वर आकाशात दोन-तीन विमानं. चेहरा कधीच दाखवायचा नाही. का, ते देव जाणे.

ह्या प्रकाराला 'ड्युएल टाइमलाइन' म्हणतात. एक गोष्ट तेव्हाची, एक आत्ताची, आणि दोन्ही शेवटी एकमेकींना भेटतात. दुसरं महायुद्ध आणि इंग्लंडमधलं खेडं हा त्यातला सुपरहिट सेट. मी ह्या पुस्तकांची पक्की गिऱ्हाईक आहे. ऑफिसातून परतताना विंडो सीट मिळाली (म्हणजे वर्षातून चारदा!) की ह्याच्यापेक्षा चांगला टाइमपास नाही. पण इतकी वाचल्यावर एक प्रश्न छळायला लागतो. सगळ्या पेट्यांमध्ये साधारण तेच कसं काय सापडतं?

तिथं येतेच. त्याआधी हा फंडा चालतो का, ते बघू.

महायुद्धावरच्या कादंबरीची एक मूळ गोची आहे. शेवट सगळ्यांना माहीत असतो. हिटलर हरला, हे शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. मग सस्पेन्स आणायचा कुठून? दुसरी टाइमलाइन नेमकी इथं कामाला येते. 'कोण जिंकणार?' हा प्रश्न बाद होतो आणि त्याच्या जागी 'आजीनं तेव्हा काय केलं होतं?' हा येतो. युद्धाचा निकाल आपल्याला ठाऊक असतो, आजीचा नाही. आणि १९४०च्या चॅप्टरमधल्या माणसांना तर काहीच ठाऊक नसतं. जर्मन उद्या उतरणार अशा धास्तीत ती झोपतात आणि सकाळी उठून कोंबड्यांना दाणे टाकतात. आपण मात्र ८० वर्षांनंतरच्या गॅलरीत बसून त्यांना बघत असतो. ह्यात एक थरार आहेच.

आणि खेडंच का? कारण शहरात गुपिताला किंमत नसते. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे आपल्याला तरी कुठं माहीत असतं! खेड्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं. युद्धानं नेमक्या अशा गावांत परकी माणसं आणून सोडली. १ सप्टेंबर १९३९पासून अवघ्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोक, त्यात बहुतेक शाळकरी मुलं, ब्रिटनच्या शहरांतून खेड्यांकडे हलवले गेले. कोटाला नावाचं लेबल, खांद्याला गॅस मास्कचा डबा. गावच्या हॉलमध्ये पोरांना रांगेत उभं करायचं आणि गावकऱ्यांनी येऊन 'हा द्या, ती द्या' करत निवडून न्यायचं. जो शेवटपर्यंत उरला त्याचं काय झालं असेल, एवढा एकच सीन लेखकाला एका कादंबरीला पुरतो. (त्यातली जवळजवळ निम्मी पोरं बॉम्ब पडत नाहीत असं बघून १९४०च्या सुरुवातीपर्यंत घरी परतलीसुद्धा होती. कादंबऱ्यांत हे फारसं येत नाही. परत गेलेल्या पोराची गोष्ट पुढे कशी रेटणार?)

मुलांच्या पाठोपाठ शेतावर राबायला शहरातल्या 'लँड गर्ल्स' आल्या, मग सैनिक, मग युद्धकैदी. १९४०च्या उन्हाळ्यात हल्ल्याच्या भीतीनं रस्त्यांवरच्या पाट्या काढल्या किंवा रंगवून टाकल्या. शत्रूला वाट सापडू नये म्हणून गावांनी स्वतःची नावंच पुसली! चर्चच्या घंटाही बंद झाल्या. घंटा वाजली तर तिचा अर्थ एकच, जर्मन उतरले. नाव पुसलेलं, घंटा मुकी झालेली आणि अनोळखी माणसांनी भरलेलं गाव... कादंबरीकाराला आणखी काय हवं?

'पण आजी इतकी वर्षं गप्प का?' असं आपण वाचताना वैतागून म्हणतो. त्याचंही उत्तर खरं आहे. बकिंगहॅमशायरमधल्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेशांची सांकेतिक भाषा फोडण्याचं काम चाले. तिथं हजारो माणसं होती आणि त्यात बायकांची संख्या मोठी. सगळ्यांनी तोंड बंद ठेवायची सही केलेली. विंटरबॉथम नावाच्या अधिकाऱ्याचं पुस्तक १९७४मध्ये आलं तेव्हा कुठे हे गुपित जगापुढे फुटलं. म्हणजे जवळपास ३० वर्षं नवऱ्याला माहीत नाही की बायको युद्धात काय करत होती, आणि बायकोला माहीत नाही की नवरा काय करत होता. काहीजणी १९७४नंतरही बोलल्या नाहीत. तेव्हा आजीचं मौन हा दरवेळी लेखकाचा आळस नसतो.

आळस असतो तो आजच्या टाइमलाइनमध्ये. खरं सांगायचं तर निम्म्या पुस्तकांत आजचे चॅप्टर मी भराभर उलटते. तिकडे बॉम्ब पडतायत आणि इकडे ही बया वाइनचा ग्लास घेऊन एक्सच्या मेसेजला रिप्लाय करू की नको ह्यावर तीन पानं घालवते. केट मॉर्टन ह्या ऑस्ट्रेलियन लेखिकेला हे दुखणं बरोबर कळलंय. २०१०च्या 'द डिस्टंट अवर्स'मध्ये तिनं 'आज' ठेवलाय तो १९९२चा. मोबाइल नाही, गुगल नाही, शोध घ्यायचा तर पायपीट करायची. १९४१मधलं हरवलेलं एक पत्र ५० वर्षांनी पत्त्यावर पोचतं, ते उघडून आई रडायला लागते. आपली आई युद्धात केंटमधल्या एका जुन्या किल्ल्यात राहायला होती, हे लेकीला तेव्हा पहिल्यांदा कळतं. लेक लंडनमधल्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेत नोकरीला, म्हणजे आपल्यातलीच. पुस्तक थोडं लांबलंय, पण किल्ल्यातल्या तीन म्हाताऱ्या बहिणी डोक्यातून जात नाहीत.

हा सगळा बायकांच्या पुस्तकांचा मामला आहे असं समजून जे मित्र नाकं मुरडतात, त्यांना एक आठवण. फाउंटनच्या फुटपाथवरून तुम्ही (किंवा तुमच्या बाबांनी) जॅक हिगिन्सचं 'द ईगल हॅज लँडेड' घेतलं होतं ना? १९७५चं पुस्तक. चर्चिलला उचलून न्यायला जर्मन छत्रीधारी सैनिक १९४३मध्ये नॉरफोकच्या एका काल्पनिक खेड्यात उतरतात. पोलिश सैनिक म्हणून गावात मस्त रुळतातही. पाणचक्कीच्या प्रवाहात पडलेल्या एका पोराला वाचवायला त्यांच्यातला एक उडी मारतो, मरतो, आणि फाटलेल्या कपड्यांखालचा जर्मन युनिफॉर्म दिसतो. आठवलं? आता ह्या पुस्तकाची सुरुवात आठवा. लेखक स्वतः त्या गावच्या चर्चच्या आवारात एक जुनी कबर शोधत फिरतोय आणि त्याला लपवलेला दगड सापडतो. गावकरी तोंड उघडायला तयार नाहीत. आहे की नाही ड्युएल टाइमलाइन? पोटमाळ्याऐवजी कबरस्तान आणि पत्राऐवजी शिलालेख, बाकी मालमसाला तोच.

ह्याच्याही आधीची एक भन्नाट गोष्ट सांगते. १९४२मध्ये ईलिंग स्टुडिओनं 'वेंट द डे वेल?' नावाचा सिनेमा काढला. ग्रॅहॅम ग्रीनच्या एका कथेवरून, दिग्दर्शक आल्बर्टो कॅवलकांती. ब्रिटिश सैनिकांच्या वेशात जर्मन एका खेड्यात घुसतात आणि पोस्टमास्तरीण बाईपासून बड्या घरच्या बाईसाहेबांपर्यंत सगळे हातात मिळेल ते घेऊन लढतात. पण सिनेमा सुरू कसा होतो? गावातला एक माणूस चर्चच्या आवारात उभा राहून थेट प्रेक्षकांशी बोलतो, जर्मनांची कबर दाखवतो आणि युद्ध संपल्यावर कशी ही हकीकत बाहेर आली ते सांगतो. युद्ध संपल्यावर! सिनेमा बनला तेव्हा युद्ध संपायला तीन वर्षं होती आणि ते कोण जिंकणार हे कुणाच्या बापालाही माहीत नव्हतं. आपण दुसरी टाइमलाइन वापरतो मागे वळून बघायला. ह्यांनी ती भविष्यातून उसनी आणली होती, थिएटरमधल्या घाबरलेल्या माणसांना 'आपण ह्यातून बाहेर पडणार आहोत' असं सांगायला. ह्या एका फ्रेमसाठी तरी तो ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा मिळेल तिथून बघाच. त्याचं शूटिंग टर्व्हिल नावाच्या खऱ्या खेड्यात झालंय, आणि ते गाव अजूनही चित्रातल्यासारखं दिसतं.

सगळ्याच गावांचं नशीब असं नव्हतं. डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळ टाइनहॅम नावाचं गाव होतं. सव्वादोनशेच्या आसपास वस्ती, एक चर्च, एक शाळा, पोस्ट ऑफिस. नोव्हेंबर १९४३मध्ये पत्रं आली. रणगाड्यांच्या सरावासाठी जागा हवी आहे, महिन्याभरात गाव खाली करा. ख्रिसमसच्या तोंडावर सगळे निघाले. बहुतेकजण भाडेकरू, त्यामुळे घराचे पैसे मिळायचा प्रश्नच नव्हता. जाताना गावातल्या एका बाईनं चर्चच्या दारावर चिठ्ठी अडकवली. चर्चची आणि घरांची काळजी घ्या, युद्ध जिंकायला मदत म्हणून आम्ही पिढ्यान् पिढ्यांची घरं सोडतोय, एक दिवस परत येऊ आणि गाव नीट सांभाळल्याबद्दल तुमचे आभार मानू, अशा अर्थाची.

ते परत आलेच नाहीत. १९४५ला युद्ध संपलं, १९४८ला सरकारनं जमीन सक्तीनं विकत घेतली. टाइनहॅम आजही लष्कराच्या फायरिंग रेंजमध्ये आहे. सराव नसेल तेव्हा, म्हणजे बऱ्याच वीकएण्डना, लोकांना आत सोडतात. घरांच्या नुसत्या भिंती उरल्यात, छपरं नाहीत. चर्च आणि शाळा डागडुजी करून ठेवलीय. शाळेच्या वर्गात कोट अडकवायच्या खुंट्यांवर मुलांची नावं लिहिलेली आहेत.

मला ह्या गोष्टीत सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की इथं कुणी पेटी उघडायला येऊच शकत नाही. कादंबरीत नातीला वारशानं कॉटेज मिळतं. टाइनहॅमच्या नातींना काय मिळालं? छप्पर उडालेल्या घराला भेट द्यायची वेळ, तीही फाटकावरचं वेळापत्रक बघून. मग मला तो जुना प्रश्न पुन्हा आठवतो. पुस्तकात पेटी सापडायला आधी पोटमाळा असावा लागतो, आणि तो घराण्याच्या मालकीचा असावा लागतो. ज्यांचा पोटमाळाच नव्हता त्यांची पत्रं कुठं सापडणार?

टाइनहॅमच्या लोकांकडे निदान दारावर अडकवलेली चिठ्ठी तरी होती. काहीजणांच्या बाबतीत तेवढंही नाही.

उदाहरणार्थ, डिसेंबर १९३९मध्ये आपल्या मुंबईच्या बंदरातून खेचरांच्या तुकड्या निघाल्या. 'फोर्स के-६' हे त्यांचं लष्करी नाव, रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे जवान, बहुतेक पंजाबी मुसलमान. ब्रिटिश फौज सगळी मोटारींवर अवलंबून होती आणि फ्रान्सच्या चिखल-बर्फात सामान वाहायला जनावरं हवी होती, म्हणून हे बोलावणं. १९४०च्या मे-जूनमध्ये त्यातले काहीशे डंकर्कवरून बोटींनी इंग्लंडला पोचले. एक अख्खी तुकडी जर्मनांच्या हाती सापडली. वाचलेले पुढची तीन-साडेतीन वर्षं ब्रिटनमध्येच राहिले, डेव्हनपासून वेल्स-स्कॉटलंडपर्यंत. म्हणजे कादंबरीतली आजी दारात उभी राहून ज्या रस्त्याकडे बघतेय, त्या रस्त्यानं पगडी घातलेली माणसं खेचरं घेऊन जात होती. ईदला वोकिंगच्या मशिदीत जमलेल्या ह्या जवानांचे फोटो आहेत. नोलनचा 'डंकर्क' २०१७मध्ये आला तेव्हा त्यात ही मंडळी कुठेच नाहीत म्हणून बराच वाद झाला होता. घी बोमन ह्या इतिहासकारानं २०२०मध्ये त्यांच्यावर 'द इंडियन कंटिन्जंट' हे अख्खं पुस्तक लिहिलंय. तेव्हा माहिती नाही, हे कारण आता चालणार नाही.

किंवा बांबर ब्रिज घ्या, लँकेशायरमधलं. जून १९४३मध्ये तिथं कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांची ट्रक चालवणारी तुकडी मुक्कामाला होती. अमेरिकी लष्कराला आपली गोऱ्या-काळ्यांची वेगवेगळी व्यवस्था गावच्या पबमध्येही हवी होती. गावातल्या पबवाल्यांनी ह्याला उत्तर म्हणून 'फक्त काळ्या सैनिकांसाठी' अशा पाट्या लावल्या, असं सांगतात! एका रात्री पबबाहेर गोऱ्या मिलिटरी पोलिसांशी झालेली बाचाबाची गोळीबारापर्यंत गेली. एक सैनिक मेला आणि तीसहून जास्त कृष्णवर्णीय सैनिकांवर कोर्ट मार्शल झालं. ह्यात खेडं आहे, युद्ध आहे, गुपित आहे, गावाची एक बाजू आहे. तरी बेस्टसेलरच्या पेटीतून पुन्हा पुन्हा निघतो तो गोरा पायलट आणि त्याचा तो रेशमी स्कार्फ.

म्हणून मला मायकेल मॉर्पर्गोचं कौतुक वाटतं. 'वॉर हॉर्स'वाला लेखक, म्हणजे मुलांसाठी लिहिणारा. 'द अमेझिंग स्टोरी ऑफ अॅडॉल्फस टिप्स' हे त्याचं २००५चं पुस्तक. टाइनहॅम रिकामं झालं त्याच महिन्यात डेव्हनमधल्या स्लॅप्टन आणि आसपासच्या गावांतून सुमारे ३,००० माणसं घराबाहेर काढली गेली. नॉर्मंडीच्या हल्ल्याची रंगीत तालीम अमेरिकनांना तिथल्या किनाऱ्यावर करायची होती. एप्रिल १९४४मध्ये त्या तालमीतच जर्मन टॉर्पेडो बोटींनी हल्ला केला, सातशेच्या वर अमेरिकन मेले आणि सगळं दाबून ठेवलं गेलं. मॉर्पर्गोची गोष्ट १२ वर्षांच्या लिलीच्या डायरीतून घडते. तिचं मांजर काटेरी तारांपलीकडे रिकाम्या गावात अडकलंय, आणि ते शोधायला मदत करतात अमेरिकन फौजेतले दोन कृष्णवर्णीय सैनिक. आजच्या टाइमलाइनमध्ये तीच लिली आजी झालीय. इथं पेटी नाही, आजीही मेलेली नाही. आजी स्वतःच नातवाला डायरी पाठवते, 'वाच' म्हणते आणि स्वतः भलत्याच प्रवासाला निघून जाते. कुठं, ते सांगत नाही. तुमचा संध्याकाळचा आनंद घालवायचा नाहीये.

मोठ्यांच्या पुस्तकांतलं बाप पुस्तक मात्र अजूनही इयन मॅकयूअनचं 'अटोनमेंट'च, २००१चं. कीरा नाइटलीची ती हिरवी साडी, सॉरी, हिरवा गाऊन अनेकांना २००७च्या सिनेमातून आठवत असेल. १९३५चं इंग्लंडच्या खेड्यापाड्यातलं श्रीमंत घर, १९४०चं डंकर्क, आणि अगदी शेवटी छोटासा तुकडा १९९९चा. एरवी ह्या जातीच्या पुस्तकांत आजची टाइमलाइन येते ती सगळं नीट जुळवून द्यायला. इथं ती येते आणि तुम्ही आत्तापर्यंत जे वाचलंत त्यावरचा विश्वासच काढून घेते, कारण पेटी ज्या बाईनं भरली तीच आता बोलतेय. शेवटची पानं आधी उघडून बघायची सवय असेल तर ह्या पुस्तकापुरती सोडा.

ह्या वीकएण्डसाठी माझा क्रम असा: मॉर्पर्गो शनिवारी दुपारी एका बैठकीत होतं, रात्री 'वेंट द डे वेल?'. 'द डिस्टंट अवर्स' दिवाळीच्या सुट्टीला ठेवा, जाडजूड आहे. आणि कुणाला लिहायची खाज असेल तर एक प्लॉट फुकट देते. टाइमलाइन एक, १९४२चं डेव्हन, एक खेचरवाला जवान आणि त्याला दूध घालणारी गवळ्याची पोर. टाइमलाइन दोन, आज. पेटी डेव्हनच्या कॉटेजमध्ये सापडायची नाही, झेलमजवळच्या एका घरात सापडायची, आणि उघडणारी नात लाहोरच्या कॉल सेंटरमध्ये नाइट शिफ्ट करणारी. कव्हरवर पाठमोरी बाई नको. खेचर चालेल.